पिवळ्या विमानातली पाटी

१

शनिवारी सकाळी दमयंती राजूरकरांनी पिवळ्या विमानाच्या पुढच्या सीटमध्ये डोकावून पाहिलं आणि त्यांच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. समोरची लाकडी पाटी गायब होती. पोळपाटाहून थोडी मोठी, चार-पाच तबकड्या बसवलेली ती पाटी म्हणजे विमानाचा चेहरा. तिच्या जागी नुसतं भगदाड होतं आणि त्यातून रबरी नळ्यांची तोंडं लोंबत होती.

वेरूळच्या रस्त्यावर, दौलताबादच्या अलीकडे, जुन्या जिनिंगच्या पत्र्याच्या गोदामात हे विमान संग्रहालय आहे. वैजनाथ भालेरावांच्या थोरल्या भावानं हौसेनं चार जुनी विमानं जमवली आणि एक दिवस हौस आणि विमानं धाकट्याच्या गळ्यात टाकून तो देवाघरी गेला. वैजनाथरावांची सगळी हयात हॉटेल चालवण्यात गेलेली. विमानातलं त्यांना एवढंच कळे, की त्याच्यासमोर उभं राहून लोक सेल्फी काढतात. लेणी बघून परतणारे पर्यटक इथे लघवीला थांबत आणि थांबलोच आहोत तर म्हणून तिकीट काढत.

दमयंतीबाई मात्र दर शनिवारी विमानांसाठीच यायच्या. हवामानखात्यात तीस वर्षं फुगे सोडून निवृत्त झालेल्या या बाईला जुन्या विमानांचं वेड होतं. त्यातही हे पिवळं टायगर मॉथ म्हणजे जीव की प्राण. पंखांच्या दोन जोड्या, कापडाचं अंग आणि एकामागे एक दोन उघड्या सीटा.

"कारभारी!" त्यांनी हाक मारली.

पहारेकरी कारभारी फडकं खांद्यावर टाकून आला, आत वाकला आणि तसाच थिजला. "ताई, काल सकाळी धूळ पुसली तवा व्हती की! आईची आन."

पाठोपाठ वैजनाथराव आले. त्यांनी आधी कपाळावर हात मारला, मग भगदाडात हात घातला. नळ्यांच्या तोंडात कापसाच्या पांढऱ्या गुंडाळ्या कोंबलेल्या होत्या. त्यांनी एक उपसून काढली आणि कारभारीच्या नाकासमोर धरली.

"ही काय आहे रे?"

"कापूस हाय, साहेब."

"वात आहे, वात! तुझी बायको घृष्णेश्वराच्या दुकानांना वाती वळून देते ना? किल्ली तुझ्याकडे, कापूस तुझ्या घरचा. आणि चोर मी बाहेर शोधू?"

"साहेब, म्या नाय घेतली. लाकडाचा तुकडा घिऊन म्या काय करू?"

"उद्या सकाळी कार्यक्रम आहे. तोवर पाटी आली नाही, तर सगळ्यांसमोर पोलिसांच्या ताब्यात देईन," असं म्हणून वैजनाथरावांनी तिथल्या तिथे मोबाईल काढला आणि संग्रहालयाच्या ग्रुपवर बातमी टाकली. कारभारीचं नाव घालून. त्याच्या सोयगावकडच्या गावातली चार माणसं त्या ग्रुपवर होती. तासाभरात तिथे चुलीपुढे बसलेल्यांनाही कळणार होतं, की कारभारी चोर निघाला.

दमयंतीबाई मागच्या सीटकडे वळल्या. तिथली पाटी जशीच्या तशी होती. पितळी कड्याचं होकायंत्रसुद्धा जागच्या जागी लकाकत होतं. जुन्या वस्तूंच्या बाजारात या विमानातल्या एकाच वस्तूला गिऱ्हाईक मिळालं असतं, ती ही. चोरानं तिला हातही लावला नव्हता.

"वैजनाथराव, ही भुरटी चोरी नाही," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत मला बघू द्या. या माणसाच्या तोंडाला काळं फासण्याची एवढी घाई करू नका."

"बघा की," वैजनाथराव कुत्सितपणे म्हणाले. "फुगे सोडून झाले, आता चोर धरा."

२

उद्याचा कार्यक्रम होता बन्सीधर तौरांचा.

मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, बी-बियाणांचं दुकान चालवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या ऐंशी ओलांडलेल्या बन्सीधररावांची एकच गोष्ट होती. तरुणपणी फ्लाइंग क्लबात शिकत असताना त्यांनी हेच पिवळं विमान एकट्यानं उडवलं होतं. एकदाच. नंतर घरच्यांनी कान धरून परत आणलं ते कायमचं. पण त्या दिवशी खाली उतरल्यावर त्यांनी आपल्या पुढ्यातल्या पाटीखाली, कुणाला दिसू नये अशा जागी, चाकूच्या टोकानं आपल्या नावाची अक्षरं कोरली होती. अवघा मोंढा ही गोष्ट ऐकत आला होता आणि अवघा मोंढा त्यांच्या माघारी हसत आला होता. 'पायलटसाहेब' हे नाव त्यांना आदरानं पडलेलं नव्हतं.

शेपटीवरचा क्रमांक बघून त्यांनी विमान ओळखलं, तेव्हा वैजनाथरावांना गर्दी जमवायची नामी संधी दिसली. पाटीखाली कॅमेरा घालायचा, अक्षरं पडद्यावर दाखवायची आणि साऱ्या मोंढ्याला नाश्ता. आता पाटीच गेली होती.

काल शुक्रवार, म्हणजे संग्रहालयाची सुट्टी. आत चौघंच येऊन गेले होते. वैजनाथराव आणि कारभारी घरचेच. इंद्रजीत पवार होकायंत्राचा भाव काढायला आला होता. आणि बन्सीधररावांची मुलगी डॉक्टर अश्लेषा बॅनर आणि झेंडूच्या माळा घेऊन आली होती. दुपारी कारभारी शेडमागे भाकरी खायला बसला, तेवढा वेळ विमानापाशी कुणीच नव्हतं.

दमयंतीबाईंनी पहिली रिक्षा केली ती शहागंजला, इंद्रजीतच्या दुकानात. जुनी कुलपं, ग्रामोफोनचे कर्णे आणि कुणाकुणाच्या आजोबांचे फोटो यांच्या गर्दीत इंद्रजीत चहा पीत बसला होता.

"मॅडम, मेरेकू मालूम था, तुम्ही येणार," तो हसला. "चोरी झाली की पहिला मीच आठवतो सगळ्यांना."

"होकायंत्र मागत होतास ना तू?"

"मागत होतो, आजही मागतो. मग मी होकायंत्र सोडून लाकडाची फळी कशाला नेऊ? वेडा हूं क्या?"

बोलणं रोखठोक होतं आणि खरंही वाटत होतं. बाईंनी पर्समधून कापसाची गुंडाळी काढून त्याच्यापुढे ठेवली. "नळ्यांच्या तोंडात ही होती. उघडी नळी बंद करायची अक्कल तुझ्यासारख्यालाच असणार."

इंद्रजीतनं गुंडाळी चिमटीत धरली आणि मान हलवली. "बंद तर आम्ही करतोच, नाहीतर कुंभारीण माशी आत घर करते. पण कापूस? नक्को! तंतू आत गेले की तबकडीचा सत्यानाश. आम्ही चिकटपट्टी लावतो. ज्यानं हा कापूस घातला, त्याला उघडं भोक बघवत नाही. पण विमानाचं भोक त्यानं पहिल्यांदाच बघितलंय."

दमयंतीबाईंनी गुंडाळी परत घेतली. उघडं भोक बघवत नाही असा माणूस कोण, हे त्यांना अजून उमगलं नव्हतं.

३

तौरांचं घर उस्मानपुऱ्यात होतं. खाली अश्लेषाचा दातांचा दवाखाना, वर बापलेक. बन्सीधरराव आरामखुर्चीत बसले होते, उद्यासाठी कडक इस्त्री केलेला सदरा खुंटीवर होता आणि डोळे लाल झाले होते.

"साठ वर्षं थांबलो, बाई," ते म्हणाले. "आता लोकांना दाखवायची वेळ आली, तर त्या चोरट्यानं पाटीच लांबवली. असल्या माणसाला चाबकानं फोडलं पाहिजे. तोंडावरूनच चोर दिसतंय ते!"

"तो म्हणतो, मी घेतली नाही."

"मंग काय हो म्हणल? चोर कधी हो म्हणला व्हय?"

दमयंतीबाईंनी विमानाचा विषय काढला आणि म्हातारा एकदम तरणा झाला.

"मास्तर लई कडक व्हते बघा. रोज उडताना माझ्या डोळ्यांपुढं त्यांची चामड्याची टोपी. टोपी डावीकडं हलली की समजायचं, चुकलं. त्या दिवशी उतरलो, तर मास्तर खाली उडी मारून म्हणले, जा आता एकटा. मी उडालो आन् समोर बघतो, तर टोपीच नाय! नुसतं रिकामं भोक आन् त्याच्यापल्याड आभाळ. तवा कळलं, की मी एकटा हाय. लई भ्यालो व्हतो. पण तसं सुख पुन्हा नाय."

अश्लेषा चहा घेऊन आली. पन्नाशीची, नीटनेटकी, कमी बोलणारी बाई. हजारदा ऐकलेल्या गोष्टीला माणूस जसा कान देत नाही, तशी ती कप मांडत राहिली. मग दाराबाहेर सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "उद्याचं रद्द करायला सांगा ना. आता दाखवण्यासारखं काही उरलं नाही. अण्णांची नुसती शोभा होईल."

"आणि कारभारीचं काय?"

अश्लेषानं नजर वळवली. "त्याचं बघतील वैजनाथराव."

जिन्यावरून उतरताना दमयंतीबाई मध्येच थबकल्या. म्हाताऱ्याच्या गोष्टीतली एक बाब आत्ता त्यांच्या डोक्यात शिरली होती आणि ती खरी असेल, तर चोरानं केवढा मोठा घोटाळा करून ठेवला होता!

४

पण आधी कापसाचा निकाल लावायला हवा होता. त्या तडक कारभारीच्या खोलीवर गेल्या. कारभारी भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची बायको रत्नमाला दारातच बसली होती, कापसाची टोपली पुढ्यात तशीच पडलेली.

"ताई, गावाकडून दिराचा फोन आला," ती म्हणाली. "म्हणतो, इकडं तोंड दावू नका. बारा वर्षं झाली ह्यांना पहाऱ्यावर, एक खिळा घरी आणला नाय. कुणाला सांगावं?"

"एक वात वळून दे मला," दमयंतीबाई म्हणाल्या.

रत्नमालेनं बुचकळ्यात पडून कापूस पिंजला, तळहातावर बोट फिरवलं आणि वात ठेवली. मधे जाड, दोन्ही टोकांना निमुळती, हाताच्या ओलीनं किंचित पिळलेली. बाईंनी शेजारी नळीतली गुंडाळी ठेवली. इकडून तिकडे एकसारखी जाड, दोन्ही टोकं कात्रीनं कापल्यासारखी सपाट. हातानं वळलेली वात अशी कधीच होत नाही. दमयंतीबाईंनी स्वतः लहानपणी चातुर्मासात लाख वाती वळल्या होत्या. वैजनाथरावांनी जन्मात एकही वळलेली नव्हती, म्हणून कापूस दिसला की ती वात.

ही यंत्रावर झालेली गुंडाळी होती. आणि असली गुंडाळी दोन महिन्यांपूर्वी बाईंनी अर्धा तास गालात धरली होती, दाढेत सिमेंट भरताना.

चोर कळला होता. पण कळून आनंद व्हावा, असं त्यात काही नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत त्या पुन्हा संग्रहालयात आल्या. बासष्टाव्या वर्षी साडीचा काचा मारून पंखावरच्या काळ्या पट्टीवर पाय ठेवला आणि कशाबशा मागच्या सीटमध्ये उतरल्या. मोबाईलचा दिवा लावून हात पाटीखाली घातला आणि फोटो काढला. पडद्यावर जे उमटलं, ते त्यांनी बोटांनी मोठं करून पाहिलं.

५

रविवारी सकाळी माणसं यायच्या आधीच अश्लेषा शेडमध्ये आली होती. झेंडूच्या माळा काढून टाकाव्यात की राहू द्याव्यात, या विचारात ती उभी होती.

"डॉक्टर, पाटी दवाखान्यात ठेवली आहे की वर घरात?" दमयंतीबाईंनी विचारलं.

अश्लेषाचा हात माळेवरच राहिला. "काय बोलताय तुम्ही?"

"नळ्यांच्या तोंडात दातांच्या डॉक्टरांकडच्या गुंडाळ्या आहेत. उघडं भोक दिसलं की तुमचा हात आपोआप कापूस घालतो. रक्त थांबवायचं असो की नसो. पाटी नेली तुमच्या बॅनरच्या पिशवीतून. विकायला नेली असती, तर मागचं होकायंत्र सोडलं नसतंत. तुम्हाला पाटी नकोच होती. ती कुणाला दिसू नये, एवढंच हवं होतं."

अश्लेषा पंखाला टेकली.

"मी आधी तोंडात घालायचा आरसा घालून बघितलं," ती म्हणाली. "म्हटलं, उद्या पडद्यावर येण्याआधी एकदा बघावं. काही नव्हतं. कोरं लाकूड. सगळा मोंढा हसत होता, आणि मी चिडायचे त्यांच्यावर, भांडायचे. आरशात बघितलं आणि कळलं, मोंढ्याचंच खरं. माझ्या बापानं जन्मभर थाप मारली."

"मग तुम्हीच का नाही कोरलीत अक्षरं?"

"खोटं करायला हात धजेना."

"आणि कारभारीच्या गळ्यात चोरी घालायला धजला?"

"मी त्याचं नाव घेतलं नव्हतं!"

"घेतलं नव्हतं. नुसत्या गप्प बसलात." दमयंतीबाईंचा आवाज कठोर झाला. "डॉक्टर, तुम्ही कुठली पाटी बघितलीत?"

"पुढची. चालवणारा पुढंच बसणार ना? गाडीत काय, विमानात काय."

"टायगर मॉथमध्ये शिकवणारा पुढे बसतो आणि शिकणारा मागे. एकट्यानं उडवायचं तर मागच्याच सीटवरून, नाहीतर वजनाचा तोल बिघडतो. तुमचे अण्णा हेच तर सांगतात. मास्तरांची टोपी डोळ्यांपुढे दिसायची, म्हणून. पुढे बसलेल्याला कुणाची टोपी दिसेल?"

त्यांनी मोबाईल पुढे धरला. काळवंडलेल्या लाकडावर, वेडीवाकडी पण खोल, तीन अक्षरं होती. ब. तौर.

अश्लेषा ते बघत राहिली. मग ती खालीच बसली. "हजार वेळा ऐकलंय हो मी," ती पुटपुटली. "टोपी, टोपी... हजार वेळा."

थोड्या वेळानं तिनं बाईंचा हात धरला. "मी पाटी आत्ता आणून लावते. सापडली म्हणून सांगा. अण्णांना कळू देऊ नका. मी त्यांना खोटं समजले, हे त्यांना कळलं तर ते पुन्हा माझं तोंड बघणार नाहीत."

दमयंतीबाईंना तिची दया आली. नाही असं नाही. पण शेडच्या दारातून त्यांना कारभारी दिसत होता. धुतलेला शर्ट घालून, पोलीस येणार म्हणून तयार होऊन, तो एकटाच बाकावर बसला होता.

"त्याचं नाव चारचौघांत गेलंय," त्या म्हणाल्या. "ते चारचौघांतच परत यायला हवं. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

६

मोंढा आला तो हसायच्या तयारीनंच. बन्सीधरराव पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. वैजनाथराव माईककडे निघाले, पण अश्लेषा त्यांच्या आधी पोचली.

तिनं सांगितलं. पाटी मी नेली, कारभारीचा यात काही दोष नाही. का नेली, तेही सांगितलं. शब्द अडखळत होते, पण लपवलं काही नाही. वैजनाथराव घाईघाईनं म्हणाले, "बरं, बरं, गैरसमज झाला. कारभारी, कामाला लाग रे." तेवढ्यावर त्यांच्या लेखी प्रकरण मिटलं.

म्हातारा लेकीकडे बघत होता. "कुठल्या शिटात बघितलंस तू?"

"पुढच्या, अण्णा."

"पुढच्या?" त्यांना क्षणभर कळलंच नाही. "पुढं तर मास्तर बसायचे. तू एवढीशी व्हतीस तवापासून सांगत आलो की गं. तू ऐकत नव्हतीस?"

दमयंतीबाईंनी खूण केली आणि मागच्या पाटीखालची अक्षरं पडद्यावर आली. शेड टाळ्यांनी दणाणून गेलं. जन्मभर टिंगल केलेली माणसं पुढे सरसावून पाया पडायला लागली. बन्सीधररावांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते काठी टेकत उठले आणि दमयंतीबाईंसमोर येऊन उभे राहिले.

"बाई, तुम्हाला विमानातलं कळतं. काल घरी मी सांगितलं, तेव्हा तुम्ही ओळखलं ना, की मी मागं बसलो व्हतो?"

"ओळखलं."

"मंग हा फोटू कधी काढला?"

दमयंतीबाईंचे कान तापले. "काल संध्याकाळी."

"म्हंजे तुम्ही बी आधी बघूनच घेतलं," म्हातारा म्हणाला. रागानं नाही, थकून. अश्लेषा हात धरायला आली. त्यांनी तो बाजूला केला आणि चालत दारापाशी गेले. तिथे कारभारी उभा होता. त्याला अजून कुणी माफीचा एक शब्दही बोललं नव्हतं.

"कारभारी, बारा वर्षं पुसतोस तू हे विमान," बन्सीधरराव म्हणाले. "तुला तरी माझं खरं वाटायचं का रे?"

कारभारीनं खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. "नाय, साहेब. समदे हसायचे, म्या बी हसायचो."

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि पायरी उतरायला काठी पुढे टाकली. तेव्हा कारभारीच मागून बोलला, हलक्या आवाजात.

"साहेब, म्या पाटी घेतली नाय म्हणलो, तवा तुमाला तरी माझं खरं वाटलं व्हतं का?"

बन्सीधरराव पायरीवर थांबले. आत वैजनाथराव माईकवरून नाश्ता तयार असल्याचं सांगत होते. म्हाताऱ्यानं मागे वळून पाहिलं नाही आणि कारभारीनं पुन्हा विचारलं नाही.